नायट्रोची मोटार निवडताना

निमाडातला जाणता शेतकरी बैल घ्यायला बाजारात जातो, तेव्हा बैलाची धाव तो सर्वांत शेवटी पाहतो. आधी तो दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवितो आणि आपल्या गोठ्यातल्या वैरणीवर हे जनावर पोसले जाईल की नाही, याचा मनाशी हिशोब करतो. शर्यतीत क्षणभर धावणारा बैल सर्वांनाच दिसतो. परंतु उरलेले वर्षभर त्याला सांभाळणारा मालक फारसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. यंत्राच्या खरेदीलाही हाच न्याय लावावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ज्या यंत्राच्या बाबतीत तो आवर्जून लावावा, असे एक यंत्र म्हणजे रेडिओने चालणारी, नायट्रो इंधनावर धावणारी छोटी शर्यतीची मोटार होय.

मातीच्या टेकाडांवरून झेप घेणारी, मागे निळसर धूर सोडीत वळणावर धूळ उडविणारी ही मोटार मोबाइलच्या पडद्यावर पाहिली की कोणाही मुलाचे मन तिच्याकडे ओढ घेते. यात गैर काही नाही. परंतु पडदा दाखवितो तो वेग. हा वेग कोठून येतो, तो किती दिवस टिकतो आणि त्याची किंमत कोण, कशी चुकवितो, हे समजून घेतल्यावाचून वडिलांपुढे हट्ट धरणे योग्य नव्हे.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. हे खरेखुरे दोन-स्ट्रोकचे इंजिन असते. त्यात पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणे ठिणगी पाडणारा प्लग नसतो. त्याऐवजी ग्लो प्लग असतो. त्याच्यात प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीकसे वेटोळे असते. सुरू करताना बॅटरीने ते लाल तापवितात. पुढे बॅटरी काढून घेतली तरी ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमवर होणारी मेथॅनॉलची रासायनिक क्रिया यांमुळे ते तापलेलेच राहते. अमेरिकेत रे आर्डन यांनी १९४७ च्या सुमारास असा प्लग बाजारात आणला आणि छोट्या विमानांच्या व मोटारींच्या छंदाचे स्वरूपच पालटले.

इंधनात मुख्यतः तीन द्रव्ये असतात: मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचे तेल. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, मेथॅनॉलला सुमारे ६.४ ग्रॅम, तर नायट्रोमिथेनला अवघी १.७ ग्रॅम, कारण त्याच्या रेणूतच प्राणवायू असतो. म्हणून तेवढ्याच हवेत पुष्कळ अधिक इंधन जळू शकते, आणि अवघ्या ३.५ घन सेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला ३०,००० हून अधिक फेरे घेते. वंगणाच्या तेलात आपले परिचित एरंडेलही असते. ज्या एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, तिचेच तेल या विलायती खेळात इंजिनाचे प्राण वाचविते, ही गोष्ट आमच्या वाचकांना गमतीची वाटेल.

आता निवडीचा पहिला प्रश्न: नायट्रो की वीज? या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयास हवे. आज विजेवर चालणाऱ्या मोटारी वेगात मागे राहिलेल्या नाहीत. त्या शांत असतात, त्यांना धूर नसतो, बॅटरी भारित केली की काम झाले. ज्याला केवळ वेग हवा आहे, त्याने विजेची मोटार घ्यावी. तिचेही एक शास्त्र आहे आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. नायट्रोचे समर्थन आम्ही एकाच कारणासाठी करतो. हवा, इंधन, उष्णता आणि वंगण यांचा मेळ कसा बसतो, हे ती हाताला, कानाला आणि नाकाला शिकविते. यंत्रमागावरचा अनुभवी जॉबर नुसत्या खडखडाटावरून दोष ओळखतो. ती विद्या बऱ्हाणपूरच्या मुलांनी आपल्या गल्लीत ऐकलेली असते. नायट्रोचे इंजिनही असेच कानाने ओळखावे लागते. ज्याला ती विद्या हवी आहे, त्यानेच या वाटेला जावे.

दुसरा प्रश्न वर्गाचा. कच्च्या वाटेवरील शर्यतीसाठी १:८ प्रमाणाची, चारही चाकांना गती देणारी बग्गी हा जगभर मान्य झालेला वर्ग आहे. तिची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८६ साली फ्रान्समधील ग्रनोबल येथे झाली. जागतिक नियमांप्रमाणे इंजिन ३.५ घन सेंटिमीटरपर्यंत, टाकी १२५ घन सेंटिमीटरपर्यंत आणि वजन किमान ३.२ किलो. ही टाकी आठ-दहा मिनिटांत रिकामी होते आणि अंतिम शर्यत तर एक तासाची! म्हणजे पुनःपुन्हा थांबून काही सेकंदांत इंधन भरणारा सोबती चालकाइतकाच महत्त्वाचा ठरतो. मोठ्या चाकांचे मॉन्स्टर ट्रक दिसायला भव्य असतात आणि खडकाळ माळावर मौजही देतात. परंतु उंच बांध्यामुळे ते वळणावर सहज कलंडतात. शर्यत हाच हेतू असेल, तर बग्गीच बरी.

तिसरा प्रश्न आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत उपेक्षित आहे. ही मोटार उघडता, स्वच्छ करता आणि दुरुस्त करता येईल काय? आपल्या गावच्या कुंडी भंडाऱ्याकडे पाहावे. १६१५ च्या सुमारास, जहांगीरच्या काळात बांधलेली ही भूमिगत जलयोजना चार शतकांनंतरही पाहावयास मिळते. तिच्या वाटेवर सुमारे शंभर कुंड्या का खोदल्या? हवा खेळावी आणि माणसाला आत उतरून गाळ काढता यावा म्हणून. ज्या वस्तूच्या अंतरंगात माणसाचा हात पोहोचतो, तीच वस्तू टिकते.

म्हणून मोटार पाहताना पुढील गोष्टी पाहाव्यात. चाकांना धरणारे हात, शॉक-अब्सॉर्बरचे भाग, क्लचचे जोडे आणि ग्लो प्लग ही वारंवार मोडणारी किंवा झिजणारी सामग्री आहे. ती भारतात मिळते की नाही, हे खरेदीपूर्वी विचारावे. दोन रुपयांच्या कडीवाचून सबंध मोटार सहा महिने कपाटात पडून राहणे, यासारखा दुसरा नाश नाही. कियोशो, म्युगेन यांसारख्या जुन्या जपानी कंपन्यांच्या बग्ग्यांना मान आहे, तो वेगामुळे आहे तसाच सुट्या भागांच्या परंपरेमुळेही आहे. स्पर्धेसाठी विकल्या जाणाऱ्या सुट्या संचात बहुधा इंजिन, रेडिओ आणि सर्व्हो समाविष्ट नसतात, हेही किंमतपत्रक वाचताना ध्यानी ठेवावे. नवशिक्याने तयार जोडलेली मोटार घ्यावी. मात्र ती एकदा संपूर्ण उलगडून पुन्हा जोडल्याखेरीज शर्यतीत उतरवू नये.

त्यानंतर एअर फिल्टर. आपली भूमी काळी, कसदार. उन्हाळ्यात तिची धूळ पिठासारखी बारीक होते. या इंजिनांत बहुधा पिस्टनला रिंग नसते. क्रोम चढविलेल्या पितळी नळीत ॲल्युमिनियमचा पिस्टन केवळ नेमक्या मापाने घट्ट बसतो, आणि नळी वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. त्या सूक्ष्म फटीत धूळ गेली की ती कानशीप्रमाणे धातू खरवडते आणि इंजिन अल्पावधीत निकामी होते. तेव्हा दुहेरी स्पंजाचा, तेल लावलेला, नीट बंद बसणारा फिल्टर ज्या मोटारीला आहे, तीच आपल्या कामाची. पावसाळ्यात ही माती चिकट होऊन चाकांना लगडते. त्या दिवसांत मुरमाड जागा शोधावी अथवा शर्यत थांबवावी. टायरचे खिळे सैल मातीसाठी उंच, कडक जमिनीसाठी बुटके असावेत, हेही यावरून ओघानेच येते.

चौथी गोष्ट रेडिओची. पूर्वी एकाच वारंवारतेवर दोन मोटारी आल्या की एकाच्या हातात दुसऱ्याची मोटार जाई. आताच्या २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रांत ही अडचण उरलेली नाही. तरीही संदेश तुटताच आपोआप गती कमी करून ब्रेक लावण्याची सोय मोटारीत असलीच पाहिजे, आणि प्रत्येक वेळी ती तपासलीच पाहिजे. तीन किलोंहून जड मोटार बेलगाम सुटली, तर ती कोणाचाही पाय मोडू शकते. म्हणून रस्ता, बाजार आणि खेळणारी लहान मुले यांपासून दूर, मोकळ्या बंदिस्त जागेतच ती चालवावी.

आता इंधनाविषयी, आणि येथे आम्ही पालकांना उद्देशून लिहितो. मेथॅनॉल हे विष आहे. विषारी दारूच्या ज्या दुर्घटना वृत्तपत्रांत येतात, त्यांपैकी पुष्कळींच्या मुळाशी हेच द्रव्य असते. अल्पशा प्रमाणात पोटात गेले तरी दृष्टी जाते, जीवही जातो; ते त्वचेतूनही शरीरात शिरते. त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही. मे महिन्यातील बऱ्हाणपूरच्या दुपारी पेटलेले मेथॅनॉल डोळ्यांना न दिसता हात भाजू शकते! यास्तव हे इंधन घरी मिसळण्याचा विचारही करू नये. अधिकृत विक्रेत्याकडून तयार, बंद डबाच घ्यावा. तो कुलपात ठेवावा, पाण्याच्या बाटलीत कधीही ओतू नये, हातमोजे घालूनच हाताळावा, आणि शाळकरी मुलाने वडीलधाऱ्या माणसाच्या उपस्थितीतच टाकी भरावी. परदेशातील मामा-काकांकडून मोटार मागविता येईल, परंतु इंधन प्रवाशाच्या सामानातून विमानात आणता येत नाही. ज्या घराला ही शिस्त पाळणे शक्य नाही, त्या घराने विजेची मोटार घ्यावी. या एका बाबतीत तडजोड नाही.

शिस्त एवढ्यावरच संपत नाही. नवे इंजिन पहिल्या काही टाक्या अधिक इंधनाच्या मिश्रणावर, सावकाश, तापवीत आणि थंड करीत चालवावे लागते. पुढेही कार्ब्युरेटरची सुई फिरविताना लोभ आवरावा लागतो. इंधन कमी केले की आवाज चढतो, वेग वाढतो. परंतु वंगणही इंधनातच असल्याने तेही कमी होते आणि इंजिन आतून जळते. डोक्याचे तापमान साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. जानेवारीच्या सकाळी बसविलेली सुई मे महिन्याच्या दुपारी चालत नाही. खेळ संपल्यावर टाकी रिकामी करून, उरलेले इंधन जाळून, इंजिनात रक्षक तेलाचे थेंब सोडावे लागतात. कारण मेथॅनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि बेअरिंगला गंज चढतो. दहा मिनिटांच्या धावेमागे तासभराची सेवा आहे. ही सेवा ज्याला जाच वाटेल, त्याचा या यंत्राशी संबंध न आलेलाच बरा.

खर्चाचा विचार केल्यास ही मोटार एकट्या मुलाची न होता चार-पाच जणांची किंवा शाळेच्या विज्ञान मंडळाची असावी, असे आम्हांस वाटते. एकाने चालवावी, एकाने इंधन भरावे, एकाने तापमान लिहून ठेवावे, एकाने झिजलेल्या भागांची वही राखावी. अशा वहीतून जे शिक्षण मिळेल, ते केवळ पुस्तकातून मिळणार नाही. आपल्याच मध्य प्रदेशात, इंदूरजवळील पीथमपूर येथे ‘बाजा’ ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा अनेक वर्षे भरत आली. कच्च्या वाटेवर धावणारे वाहन विद्यार्थी स्वतः घडवितात आणि चार तासांच्या कठोर शर्यतीत उतरवितात. तेथे इंजिनाच्या शक्तीला सर्वांना समान मर्यादा असते. मग पुढे कोण जातो? ज्याचा सांगाडा हलका, ज्याची जोडणी चोख आणि ज्याचे सोबती तत्पर, तोच. आज वही राखणारा आमचा विद्यार्थी उद्या तेथे उभा राहावा, अशी आमची इच्छा आहे.

नव्याचे नऊ दिवस, ही म्हण अशा खरेदीला फार वेळा लागू पडते. म्हणून आम्ही एक सोपी कसोटी सुचवितो. ज्या विद्यार्थ्याला ही मोटार हवी असेल, त्याने आधी एक महिना आपली सायकल स्वतः सांभाळावी. दर रविवारी साखळी पुसावी, तेल द्यावे, ब्रेक जुळवावेत, पंक्चर स्वतः काढावे. महिनाअखेर हे काम अंगवळणी पडले असेल, तर त्याने निःसंकोचपणे वडिलांपुढे मोटारीची गोष्ट काढावी. आणि पालकांनीही सायकलची साखळी पाहूनच आपले उत्तर द्यावे.