दुचाकीमागचा ट्रेलर : नियमांपलीकडचा धोका
ब्रिटनमध्ये १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या मोटारसायकललाच ट्रेलर जोडता येतो. सामानासह त्याचे वजन १५० किलो किंवा दुचाकीच्या वजनाच्या दोन-तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक चालत नाही. म्हणजे १८० किलोच्या दुचाकीमागे १२० किलोच. नियम चोख आहे. मात्र खरा धोका वजनकाट्यावर दिसत नाही. जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला रचले की जोडावरचा भार घटतो आणि वेग वाढताच ट्रेलर हेलकावे खाऊ लागतो. वळणावर दुचाकी कलते, दोन चाकांचा ट्रेलर कलत नाही. म्हणून जोड फिरता हवा. त्यातच छोट्या ट्रेलरना सहसा स्वतंत्र ब्रेक नसतात. थांबण्याचे अंतर वाढल्याचे हौशी प्रवाशाला बहुधा पहिल्या ओल्या उतारावरच उमगते.