भाड्याचा चित्रपट आणि हरवलेला ‘सामाजिक’

चित्रपट ही संहिता आहे आणि संहितेचा अर्थ वाचक घडवितो. सबब ती कोठे पाहिली जाते हा प्रश्न गौण होय, असे मत आपल्या समीक्षाव्यवहारात रुजू पाहत आहे. २०२०-२१च्या टाळेबंदीत चित्रपटगृहांना कुलपे लागली, चित्रपट भाड्याने घेऊन घरी पाहण्याची सोय झाली आणि या मताला जणू पुरावाच मिळाला. प्रस्तुत लेखकाला हे मत सिद्धान्तदृष्ट्या चुकीचे आणि व्यवहारात घातक वाटते.

प्रथम व्यवहार पाहू. मार्च २०२०मध्ये अमेरिकेतील किनो लॉर्बर या वितरण संस्थेने ‘बाकुराऊ’ हा ब्राझिली चित्रपट ऑनलाइन भाड्याने देऊ केला. मात्र तिकीट घ्यायचे ते आपल्या गावच्या बंद चित्रपटगृहामार्फत, आणि त्या पैशातला वाटा त्या गृहाला मिळायचा. आपल्याकडे चित्रपटगृहे ५ नोव्हेंबर २०२० रोजी निम्म्या आसनांवर उघडली, एप्रिल २०२१मध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाली. या दुसऱ्या बंदीच्या काळात, जून २०२१मध्ये, ‘जून’ हा चित्रपट प्लॅनेट मराठीवर आला. दर पाहण्याला दाम, या तत्त्वावर. त्यापूर्वी एप्रिलमध्ये ‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सवर आला होता. निर्मात्यांनी जी वाट मिळाली ती धरली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण या हिशेबात गावचे चित्रपटगृह कोठेच नव्हते. एकीकडे भाडे हे चित्रपटगृह जगविण्याचे साधन होते, दुसरीकडे ते त्याला वगळण्याचे साधन ठरले. दोहोंना ‘ऑनलाइन चित्रपट’ या एकाच नावाने संबोधून आपण हा भेदच पुसून टाकला.

आता सिद्धान्त. आस्वादकेंद्री समीक्षेचा हवाला देणाऱ्यांनी ती नीट वाचलेली नाही. याउसची अपेक्षांच्या क्षितिजाची कल्पना एकाकी वाचकाची नाही. ते क्षितिज काळाचे आणि समुदायाचे असते. आपल्या परंपरेत तर प्रेक्षकाला शब्दच ‘सामाजिक’ असा आहे. सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन होते म्हणून रसाचा परिपोष होतो, असे अभिनवगुप्त सांगतो. म्हणजे शेजारी बसलेला माणूस हा आस्वादाला झालेला अडथळा नसून आस्वादाचा घटक आहे. त्याला वगळून ‘प्रेक्षकाने घडविलेला अर्थ’ म्हणणे ही पदाची चोरी होय.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मला समीक्षकाने नव्हे, विद्यार्थ्याने ऐकविला. कागल पंचतारांकित एमआयडीसीतील एका फौंड्रीत रात्रपाळी करून तो पदव्युत्तर वर्गाला येतो. ‘सर, पाळी सुटल्यावर मला कुठला शो मिळणार? आणि मिळाला, तरी असले चित्रपट इकडे लागतात कुठे?’ त्याच्यासाठी मोबाईलचा पडदा हेच एकमेव चित्रपटगृह आहे. हे नाकारणे म्हणजे सुखवस्तूंचा स्मरणरंजनवाद ठरेल. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर ‘मग एकटाच पाहा’ हे नव्हे. ज्या कागलचे आनंद यादव, त्यांच्या ‘नटरंग’मधला गुणाही कष्टकरीच. त्याची कलेची ओढ एकट्याने पुरी होणारी नव्हती. तिला फड लागतो आणि फडासमोर माणसे लागतात. कामगाराला संहिता पुरवून त्याचा समुदाय काढून घेणे, याला कलेचे लोकशाहीकरण म्हणता येणार नाही.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. येथेच १९२९मध्ये ‘प्रभात’ जन्मली आणि १९३३मध्ये पुण्याला गेली. स्टुडिओ गेल्याचे दुःख आपण अजून करतो. प्रेक्षागृह जाते तेव्हा मात्र आपण सिद्धान्त मांडतो.

म्हणून मागणी साधी आहे. भाड्याच्या प्रत्येक तिकिटात गावच्या चित्रपटगृहाचा किंवा फिल्म सोसायटीचा वाटा असावा, आणि त्या वाट्याच्या बदल्यात कारखान्याच्या पाळ्या पाहून ठरविलेला एखादा खेळ त्यांनी लावावा. समीक्षकांनीही आपण चित्रपट कोठे आणि कोणाबरोबर पाहिला हे लिहावे. ते न लिहिता केलेली ‘प्रेक्षकाची’ समीक्षा ही केवळ स्वतःची समीक्षा असते.