मागणारे तेच, देणारेही तेच

नागरिकाचा फोन चोरून ऐकायचा तर पोलीस किंवा तपास यंत्रणांना गृहसचिवांची परवानगी लागते. ती योग्य होती की नाही, हे एक पुनर्विलोकन समिती तपासते. तिचे अध्यक्ष केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, राज्यात मुख्य सचिव. बाकीचे सदस्यही सचिवच. म्हणजे मागणारे सरकार, देणारे सरकार आणि दिले ते बरोबरच दिले, असा निर्वाळा देणारेही सरकार. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालाने या तपासणीचे वास्तव नोंदवले आहे. दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५ ते १८ हजार आदेश असतात. एवढे आदेश एका बैठकीत वाचूनही होत नाहीत, मग तपासायचे कधी?

ही व्यवस्था १८८५ च्या तार कायद्यातून आली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला कार्यपद्धतीचे कुंपण घातले. पण न्यायालयाची पूर्वपरवानगी बंधनकारक केली नाही. पुढे २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. आता तरी कुंपणाच्या जागी भिंत उभी राहील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालील नियमांनीही सचिवांचीच चौकट कायम ठेवली. त्याच वर्षीच्या विदा संरक्षण कायद्याने खासगी कंपन्यांना नियम लावले आणि राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकारी यंत्रणांना त्यातून सरसकट सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला.

‘ज्याने काही केले नाही, त्याला भीती कसली?’ हा युक्तिवाद यावर हमखास होतो. त्याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालात आहे. लाचखोरीच्या एका प्रकरणात केंद्रीय गृह खात्याने दिलेले फोन ऐकण्याचे तीन आदेश न्यायालयाने रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षितता, ही कायद्यातील अटच तेथे पूर्ण होत नव्हती. पण संबंधिताला दाद मागता आली, कारण त्याच्यावर खटला होता. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला आपला फोन कोणी ऐकला हे कधीच कळत नाही. थोडक्यात, आरोपीला असलेली संधी निर्दोषाला नाही.

दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारी यांच्याशी लढताना पाळत लागते, हे कोणी शहाणा नाकारणार नाही. ब्रिटनलाही ती लागते. तरी तेथील २०१६ च्या कायद्यानुसार मंत्र्याच्या सहीनंतर न्यायिक आयुक्ताची मान्यता घ्यावी लागते. जर्मनीत पाळत संपल्यावर, तपासाला बाधा येणार नसेल तर, संबंधिताला कळवण्याची तरतूद आहे. हे देश काही सुरक्षेबाबत भोळे नाहीत.

आपल्याकडे पेगॅसस या फोनमधील हेरगिरीच्या प्रणालीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत घातक प्रणाली सापडली. ती पेगॅससच आहे, हे मात्र ठरले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, असे समितीने सांगितल्याचे २०२२ मध्ये न्यायालयानेच नमूद केले. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीची ही गत असेल, तर सचिवांच्या समितीकडून कसली आशा धरायची? म्हणून मागणी साधी आहे: आदेशाआधी न्यायाधीशाची परवानगी, पाळत संपल्यावर नागरिकाला सूचना आणि दरवर्षी किती आदेश निघाले याचा हिशेब विधिमंडळात व संसदेत. यातील एकाही गोष्टीने दहशतवादी सुटत नाही. सुटते ती फक्त सरकारची सोय.