नाक मोजले, जात कशी मोजली?

साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की न्यायालय त्याला विचारते, तू स्वतः काय पाहिलेस? ‘आरोपी धावत होता’ हे पाहिलेले. ‘आरोपी खून करून पळत होता’ हा त्याने काढलेला अर्थ. विज्ञानातही निरीक्षण आणि अनुमान यांत हाच फरक आहे. हा फरक पुसला गेला तर काय अनर्थ होतो, याचा पुरावा जातीच्या प्रश्नात आहे.

हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात बंगालमध्ये लोकांची नाके मोजवून घेतली. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणले की नासिका निर्देशांक मिळतो. हा आकडा म्हणजे निरीक्षण. जात जितकी वरची तितके नाक अरुंद, म्हणून जातीचे मूळ वंशात, हे मात्र रिस्लेचे अनुमान. पुढे हेच गृहस्थ १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त झाले आणि त्यांचे अनुमान ‘शास्त्र’ म्हणून मिरवू लागले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात हे अनुमान तपासले. त्यांनी मोजमापे फेकून दिली नाहीत. निरनिराळ्या प्रांतांतील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे आकडे शेजारी ठेवून त्यांनी दाखवले की हे शास्त्र विश्वासार्ह मानले, तर दोघे एकाच वंशाचे ठरतात. ही ‘तर’ची अट महत्त्वाची आहे. त्याच ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाची स्वतःची उपपत्ती मांडतानाही, हा अखेरचा शब्द नव्हे, असे त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले.

आता आपल्याकडे पाहू. ‘ब्राह्मण परकीय असल्याचे डीएनएने सिद्ध झाले’ असे आपल्या सभांतून सांगितले जाते आणि टाळ्याही पडतात. त्यासाठी २००१ च्या एका संशोधनाचा हवाला दिला जातो. त्यात काय होते? आंध्रातील विशाखापट्टणम भागातील आठ जातींच्या पुरुषांचे नमुने. त्यांतील जनुकीय खुणांची मोजणी हे निरीक्षण. वरच्या जातींचे युरोपीयांशी साम्य अधिक, ही तुलना. परंतु तेवढ्यावरून देशभरच्या एका अख्ख्या जातीला परकीय ठरवणे ही उडी आहे, आणि ती उडी मारणारे आपण आहोत.

२००९ च्या संशोधनाने दाखवले की भारतातील बहुतेक सर्व समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत. प्रमाण तेवढे कमीजास्त. २०१३ च्या संशोधनानुसार हे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी झाले आणि नंतर आपापल्या गटातच लग्ने करण्याची प्रथा घट्ट झाली. अंतर्विवाह हाच जातीचा गाभा, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच मांडले होते.

विरोधकांच्या अनुमानाची उलटतपासणी करायची आणि आपल्या आवडीचे अनुमान मात्र तपासल्याविना स्वीकारायचे, हा न्याय नव्हे. माणसाची पारख रक्तावरून करू लागलो, तर आपल्याही हाती रिस्लेचीच पट्टी आली म्हणायची. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, ती कोणाचे रक्त तपासून नव्हे. आपला लढा त्या पायावर उभा आहे. त्याला डीएनएच्या टेकूची गरज नाही.