टोपीतले मीठ

जुन्या लष्करी काडतुसाची टोपी (दारू पेटवणारा प्रायमर) रायफलीच्या नळीत गंज आणणारी आहे की निर्धोक, हे बुडावरच्या अक्षरांवरून ओळखता येते, असा समज पसरलेला आहे. .303 रायफलीच्या बाबतीत तर तो हट्टाला पोचतो. उत्तर प्रदेश पोलिसांनी या रायफलीला 26 जानेवारी 2020 च्या संचलनात निरोप दिला. तिच्या भारतीय काडतुसांवर खडकीच्या 1869 सालच्या दारूगोळा कारखान्याचा ‘केएफ’ शिक्का सर्रास दिसतो. पुढे वर्षाचे आकडे, 7 हा नमुन्याचा आकडा आणि काहींवर ‘झेड’. हा ‘झेड’ म्हणजे न गंजवणारी टोपी, असे सांगतात. ते चूक आहे. ‘झेड’चा अर्थ इतकाच, की आत कॉर्डाइटच्या काड्यांऐवजी नायट्रोसेल्युलोजची दारू भरलेली आहे. दारूचा दाखला टोपीला कसा चालेल?

दुसरा आडाखा छिद्रांचा. टोपीच्या घरात दोन बारीक छिद्रे, म्हणजे बर्डन पद्धत, तर गंजवणारी. मधोमध एकच, म्हणजे बॉक्सर, तर निर्धोक. पण दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी .30-06 काडतुसे बॉक्सर पद्धतीची असूनही बहुतांशी गंजवणारीच होती, आणि आजची कितीतरी बर्डन काडतुसे निर्धोक आहेत. तिसरा आडाखा रंगाचा, पण टोपीभोवतीचे जांभळे कडे गोळी साधी आहे एवढेच सांगते.

सर्वांत फसवा पुरावा मात्र अनुभवाचा: ‘झाडून पाहिले, गंज आला नाही.’ जुन्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असते. ते पेटले की ऑक्सिजन देते आणि मागे पोटॅशियम क्लोराइड उरते. हे मिठाचेच भावंड नळीच्या खाचांत बसते. कोरड्या हवेत ते निपचित पडून राहते. आर्द्रता 84-85 टक्क्यांवर गेली की हवेतले पाणी ओढून विरघळते, आणि ते खारे पाणी पोलाद खाऊ लागते. वाराणसीत मे महिन्यात लू वाहत असताना गोळीबार झाला, तर नळी आठवडेच्या आठवडे लखलखीत दिसेल. तीच नळी जुलैत उघडून पाहावी. काशीत या पूर्वपक्षाचे खंडन करायला पंडित लागत नाही, पाऊस पुरतो.

गंजाचा हा दोष पूर्वी दारूच्या आम्ल अवशेषांवर ढकलला जाई. 1922 साली अमेरिकेच्या खाण खात्याने प्रसिद्ध केलेल्या हफ यांच्या अभ्यासाने तो टोपीतल्या क्षारावर आणून ठेवला.

मग ओळखावे कसे? एखाद्या कारखान्याने टोपीचे मिश्रण कोणत्या वर्षी बदलले हे पक्के ठाऊक असेल, तरच शिक्का आणि साल मिळून पुरावा होतो. अमेरिकी .30 कार्बाइनची काडतुसे पहिल्यापासून न गंजवणाऱ्या टोपीची, म्हणून तिथे नाव वाचून भागते. अन्यथा परीक्षा घ्यावी लागते, आणि ती शस्त्रागारातल्या आर्मोररनेच घ्यायची. गोळी व दारू काढलेल्या काडतुसाची नुसती टोपी घासून तेलमुक्त केलेल्या पोलादी पत्र्यावर झाडतात. दुसऱ्या पत्र्यावर खात्रीची निर्धोक टोपी. तिसरा पत्रा कोराच. तिन्ही काही दिवस दमट जागी ठेवतात. वाराणसीच्या श्रावणात वेगळी सोय करावी लागत नाही. पहिल्यावरच गंजाचे ठिपके उमटले तर निकाल लागला. घाई असेल तर पत्र्यावरची काजळी ऊर्ध्वपातित पाण्यात धुऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकावा: क्लोराइड असल्यास दह्यासारखा पांढरा साका येतो. नळाचे पाणी किंवा घामट बोट लागले तर हीच परीक्षा खोटे बोलते. प्रत्येक लॉटमधून वेगळा नमुना घेतात.

निकाल लागेपर्यंत काडतूस गंजवणारेच धरावे. स्वच्छतेबाबतही एक भ्रम आहे. तेलात हे मीठ विरघळत नाही, उलट तेलाखाली झाकले जाते. अमोनियाने ते ‘मारले’ जाते ही समजूतही पोकळ, कारण हे आम्ल नव्हे. लागते ते पाणी. ब्रिटिश सैनिक फनेलने नळीत उकळते पाणी ओतत, त्याचा खरा फायदा एवढाच की नळी लवकर वाळे. पाण्यानंतर पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, कोरडी चिंधी, मग तेल. बोल्टचे तोंडही तसेच पुसायचे, आणि दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा उजेडात धरून पाहायची.