मंत्री आपला असला तरी

प्रति,
पदाधिकारी व सदस्य,
‘युस्तित्सिया’ पोलिश न्यायाधीश संघटना, वॉर्सा.



दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तुमच्या देशाचे सुमारे पाच हजार निर्वासित आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला येऊन राहिले होते. तेवढ्या जुन्या ओळखीवर हे पत्र लिहितो आहे. मी इथे वकिली करतो आणि न्यायालयाच्या स्वातंत्र्यासाठीच्या तुमच्या लढ्याकडे पहिल्यापासून लक्ष ठेवून आहे.

न्यायाधीशांच्या नेमणुका सुचवणाऱ्या राष्ट्रीय न्यायपरिषदेतले पंधरा न्यायाधीश पूर्वी न्यायाधीशच निवडत. डिसेंबर २०१७ च्या कायद्याने ती निवड संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेली. या पंधरा जणांना पाठिंबा देणारे कोण, याच्या याद्या मागवल्या म्हणून ऑल्श्टिनचे न्यायाधीश पावेल युश्चिशिन फेब्रुवारी २०२० मध्ये निलंबित झाले. तीनच दिवसांनी त्यांच्या न्यायालयात न्यायाधीशांची सभा भरली, तेव्हा न्यायालयाच्या अध्यक्षांनी ठरावांचे मसुदे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फाडून टाकले. हे अध्यक्ष स्वतः त्याच न्यायपरिषदेचे सदस्य होते. न्यायाधीशांची बाजू कागदावरसुद्धा नको, इथवर मजल गेली होती. त्याच महिन्यात लागू झालेल्या कायद्याने तुम्ही कोणत्या संघटनेचे सदस्य आहात हे जाहीर करणेही सक्तीचे केले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ती सक्ती २०२३ मध्ये बेकायदा ठरवली.

तुम्ही मात्र एकेकट्याला वाऱ्यावर सोडले नाही. ११ जानेवारी २०२० च्या मूक मोर्चात तुमच्याबरोबर युरोपातल्या कितीतरी देशांचे न्यायाधीश गाऊन घालून वॉर्साच्या रस्त्यावर चालले. न्यायाधीशाने रस्त्यावर उतरावे का, असा प्रश्न इथेही काहींनी विचारला असता. माझ्या मते, खटल्यातल्या पक्षकाराची बाजू घेणे आणि आपल्या खुर्चीच्या स्वातंत्र्यासाठी उभे राहणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही दुसरे केलेत, म्हणून तुमच्याविषयी आदर वाटतो.

आणि म्हणूनच आज थोडे स्पष्ट बोलतो.

२०१७ च्या बदलांनी न्यायमंत्र्यांना न्यायालयांचे अध्यक्ष हटवण्याची मोकळीक दिली आणि काही महिन्यांत दीडशेच्या घरात अध्यक्ष-उपाध्यक्ष घरी गेले. तुम्ही त्याला कडाडून विरोध केलात. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदलले. जुलै २०२५ मध्ये वाल्देमार झुरेक न्यायमंत्री झाले. ज्यांनी या लढ्यात स्वतः शिस्तभंगाच्या कारवाया सोसल्या, असे हे न्यायाधीश. त्यांनीही आल्या आल्या अनेक अध्यक्षांना हटवायला घेतले. हटवलेल्यांपैकी अनेकांची नेमणूकच सदोष होती, हे मान्य. राष्ट्राध्यक्षांच्या नकाराधिकारापुढे नवे कायदे अडतात, हेही खरे. तरीही मंत्र्याच्या सहीने न्यायालयाचा प्रमुख जातो, ही गोष्ट सही कोणाची आहे त्यावर बरी किंवा वाईट ठरत नाही.

आमच्याकडचा अनुभव सांगतो. आणीबाणीत, १९७६ साली, उच्च न्यायालयांतल्या सोळा न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. गुजरातचे न्यायमूर्ती सांकलचंद शेठ यांची आंध्र प्रदेशात बदली झाली, आणि तिला त्यांनी न्यायालयात आव्हान दिले. पुढच्या वर्षी सरकार पडले, शेठ परत गुजरातला गेले, लोकांना हायसे वाटले. संमतीविना बदली करण्याचा अधिकार मात्र जागच्या जागी राहिला. १९८१ मध्ये पाटण्याच्या मुख्य न्यायमूर्तींना मद्रासला पाठवण्याचा आदेश निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि बदली कायम झाली. सरकार बदलल्याच्या आनंदात आम्ही अधिकाराकडे पाहायचे विसरलो होतो.

माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या मागण्यांच्या यादीत मंत्र्याचा हा अधिकार काढून घेण्याची मागणी सर्वांत वर ठेवा आणि ती तुमच्या मित्र-मंत्र्यांकडे जाहीरपणे करा. तसा कायदा झाल्यास राष्ट्राध्यक्ष त्यावर सही करोत वा न करोत. २०१७ साली या अधिकाराला विरोध करताना तुम्ही जे प्रश्न विचारले होते, तेच त्याच शब्दांत विचारा. मधल्या काळात जो अध्यक्ष हटवला जाईल, त्याच्या जागी कोण यावे हे त्या न्यायालयातल्या न्यायाधीशांच्या सभेला ठरवू द्या. ज्या सभेचे ठराव फाडले गेले, त्याच सभेला.

आपला,
कोल्हापुरातील एक वकील