अंड्यात अडकलेली लस (थ्रेड)

१/ 'शोध लागला आणि जग बदलले' हे विज्ञानाच्या इतिहासातील सर्वांत लाडके वाक्य आहे. इन्फ्लुएन्झाच्या लसीची कथा ते खोटे पाडते.

२/ १९३१ मध्ये अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात अ‍ॅलिस वुड्रफ आणि अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी कोंबडीच्या फलित अंड्यात विषाणू वाढवून दाखवला. पुढे फ्लूचा विषाणूही अंड्यात रुजला. १९४५ मध्ये अमेरिकेत त्याची लस नागरिकांसाठी मंजूर झाली. त्या काळी ते निःसंशय मोठे यश होते.

३/ १९५८ मध्ये मॅडिन आणि डार्बी यांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून एमडीसीके ही पेशीमालिका तयार केली. फ्लूचा विषाणू या पेशींत उत्तम वाढतो, हे १९७० च्या दशकात प्रयोगशाळांना ठाऊक होते. मात्र त्यांत बनलेली लस युरोपात २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झाली.

४/ अखंड वाढणाऱ्या पेशींमुळे अर्बुदाचा धोका संभवेल, असा बचाव केला जातो. ती शंका रास्तच होती. परंतु १९८० च्या दशकात माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या व्हेरो पेशींवर पोलिओची लस बनू लागली आणि शंकेचा जोर ओसरला. उरला तो हिशेब: अंडी स्वस्त, कारखाने उभे, परवाने हाती.

५/ या हिशेबात एक खर्च मांडलाच गेला नाही. अंड्यात वाढताना मानवी विषाणू स्वतःला बदलतो. एच३एन२ मध्ये हा बदल कधी कधी एवढा होतो की, लस एका विषाणूची ओळख करून देते आणि समाजात फिरतो दुसराच.

६/ १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ ने १८ जणांना गाठले, ६ दगावले. दहा लाखांहून अधिक कोंबड्या माराव्या लागल्या. २००६ मध्ये बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात पोहोचला. कोंबड्यांना संपवणाऱ्या रोगाची लस कोंबड्यांच्याच अंड्यांवर विसंबून होती!

७/ त्याच वर्षी अमेरिकी सरकारने पेशींवर आधारित लसीसाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे करार केले. म्हणजे ज्ञान केव्हाच हाती होते; अडले होते ते पैशापाशी आणि इच्छेपाशी. त्यानंतरही अमेरिकेतील 'पेशींच्या' लसीचे बीजविषाणू २०१६ पर्यंत अंड्यातूनच येत राहिले.

८/ आजही जगातील बहुतांश फ्लूलस अंड्यांतच बनते. म्हणून शोधाची तारीख पाठ करणाऱ्याने तो शोध लोकांपर्यंत पोहोचल्याची तारीखही शेजारी लिहावी, आणि मधल्या वर्षांचा जाब विचारावा. येथे ती वर्षे ४९ आहेत.